पिशवीतली पिवळी झाक

११ जानेवारी, अकोला

दिलीप आज पुन्हा दारावर आपटला. भुवई फुटली, रक्त पार नाकापर्यंत आलं. दिवे लागायची वेळ होती. मी नुकती दुकानावरून आली होती, चपला काढून राहिली, तं धाडकन आवाज. आई, माझ्या सासू, ओरडल्या, "डोये फुटले का बाप्पा तुये!" तो हसला. म्हणे चौकट मधात आली.

चौकट कुठी जाते? ती तं जिथल्या तिथंच आहे.

परवा स्टँडले अडखळला. ज्याले पिशवी लटकते तेच स्टँड. छातीतली नळी ओढल्या गेली असती म्हणजे? मी चिडली, म्हटलं, "आंधळे झाले का हो?" बोलून गेली. तोंडावर अहो म्हणते, इथं दिलीप लिहिते. इथं कोण ऐकून राहिलं.

सुधाकरचं मढं निघो. रोज एकदा लिहायचं ठरवलं आहे. लिहून टाकलं.

१४ जानेवारी

संक्रांत. शामच्या फुलाच्या दुकानावर पाय ठेवायले जागा नव्हती. भाऊ माझा गरीब आहे स्वभावानं, गिऱ्हाइकाले ओरडत नाही, ते काम माझं. हार करता करता एक बाई विचारे, "नवरा काय करतो तुमचा?" म्हटलं, घरी असतो. "मंग जेवण कोण करून देते त्याले?" म्हटलं, जेवत नाही. तिनं असं पाह्यलं जसं मी थट्टा करून राहिली. मंग सांगतलंच तिले. आतडं कापून फेकलं, हातभर उरलं. खाल्लेलं अंगी लागत नाही. दवाखान्यातून पिशवी येते बर्फाच्या डब्यात, संध्याकाळी सिस्टर ती छातीतल्या नळीले जोडते, सकाळी काढते. भाकर, डाळ, तूप, मीठ, व्हिटॅमिन, सारं त्याच पिशवीत. बाई म्हणे, "अगं बाई, मंग चव?" मी गजरा फेकला तिच्या अंगावर, म्हटलं चालती हो. शाम बिचारा तिच्यामागं धावला.

चव म्हणे.

घरी येऊन दिलीपच्या जिभेवर तिळगुळाचा कण ठेवला, तं तोंड वाकडं केलं त्यानं. तोंडाचे दोन्ही कोपरे फाटले आहेत. जीभ लालभडक, झोंबते म्हणे. आई तूप लावून देतात.

अजून एक. पिशवीतलं पाणी दुधासारखं असते, त्या दुधावर पिवळी झाक राहे आधी. अमरावतीच्या दवाखान्यातली सिस्टर म्हणे, पिवळं दिसलं की समजायचं व्हिटॅमिन पडलं. आता बरेच दिवस झाले, पांढरी फटक दिसते. इथल्या सिस्टरले विचारलं. ती दिवाळीनंतर आलेली, म्हणे मले तं पहिल्यापासून अशीच दिसते ताई.

थंडी वाजत नाही आता पिशवी लागल्यावर, हे मात्र बरं. आधी फ्रिजमधली गार पिशवी अंगात जायची तं दात वाजत त्याचे. आई म्हणाल्या, "ते मी पाह्यते, तू दुकान पाह्य." बरं झालं, एक तरी काम म्हातारीनं अंगावर घेतलं.

१८ जानेवारी, चांदूर बाजार

एकटी आली गावच्या शेतात. शामले सांगतलं असतं तं येऊ दिलं नसतं.

धुऱ्याकडची, बांधाले लागून असलेली संत्र्याची ओळ गेली. अख्खी ओळ. पानं भाजल्यासारखी, फळं सुकून लटकलेली. बुडाशी वाकून वास घेतला. तणनाशक. तण मारायचं औषध झाडाच्या बुडाशी ओतलं मेल्यानं. दिलीपनं लेकरावाणी वाढवलेली झाडं. उन्हाळ्यात मडकी बांधून पाणी पाजलं त्यायले.

मोटरच्या खोलीपाशी उभी राहिली. मागच्या वैशाखात इथंच. तिन्हीसांजची वेळ, लाईन यायची होती, दिलीप मोटर लावायले आला अन् पोटात कोयता. मी टोपल्या घेऊन मागून येत होती. तो बांधावरून चालत आला, दोन्ही हात पोटावर, अन् हातात त्याचंच आतडं. "रेखा, सुध्या," एवढं म्हणला अन् बसला. मी पदरानं दाबून धरलं. पदर गरम झाला. ते माझ्या हाताले अजून आठवते.

सुधाकर, माझा चुलत दीर. एका आज्याचे नातू दोघं, एका ताटात जेवलेले. दरसाल नांगरतांना धुरा आमच्या अंगावर सरकवायचा. दिलीपनं मोजणी आणली, दगड गाडले. त्याच आठवड्यात हे झालं. कोयता काही सापडला नाही पोलिसायले. विहिरीत गळ टाकून पाह्यला, नाही.

मी झाडाजवळ बसली होती तं तोच आला, मोटरसायकलवर. जमानतीवर आहे. कडक इस्त्रीचा शर्ट. "रोग पडला असंन वहिनी," म्हणे. "कृषीवाल्यायले दाखवा."

मी दगड उचलला अन् गाडीच्या लाईटवर घातला. काच फुटली.

तो उतरला नाही. म्हणे, "दिल्याले म्हणाव सिद्ध कर कोर्टात. अन् एक ऐका वहिनी. मी मारलं असतं तं जिता ठेवला नसता."

दुसरा दगड कानावर बसला. रक्त आलं, इस्त्रीच्या शर्टावर पडलं. त्यानं कान धरला, माझ्याकडे पाह्यलं, गाडी वळवून गेला.

बरं वाटलं. खरं लिहिते, लय बरं वाटलं. बसमधे बडनेऱ्यापर्यंत बरंच वाटत होतं.

२२ जानेवारी, अकोला

आज डॉक्टर मॅडमकडे दाखवलं. त्यायनं दिलीपले विचारलं, "संध्याकाळी दिसतं का नीट?"

दिलीप म्हणे, दिसते.

मी म्हटलं, "मॅडम, खोटं बोलून राहिले. दिवसा पेपर वाचतात. सूर्य बुडाला की चाचपडत जातात. भिंतीले हात लावून."

दिलीपनं मान खाली घातली. लाजला. मले तेव्हा कळलं का याले कधीचं माहीत आहे. काहून सांगतलं नाही? कोर्टामुळं. तिन्हीसांजेचा गुन्हा आहे अन् मारणाऱ्याले पाह्यलेला साक्षीदार एकटा तोच. त्यालेच संध्याकाळी दिसत नाही हे बाहेर गेलं तं सुध्याचा वकील नाचन.

मॅडमनं खोलीतला दिवा बंद केला, बोटं धरली, किती म्हणे. त्याले हातच दिसला नाही. मंग डोळ्यात बॅटरी मारून पाह्यली, जीभ पाह्यली, तोंडाचे कोपरे पाह्यले. रक्त घेतलं अन् नळी चांदीच्या कागदात गुंडाळली. उजेड लागला तर तपासणी वाया जाते, म्हणाल्या. मुंबईले पाठवतात.

"जीवनसत्त्व अ संपलंय असं वाटतं. बी-टू सुद्धा. पण पिशवीत तर आपण रोज देतो. मग जातंय कुठे?"

 मले समजलं होतं कुठं जाते. पांढरी फटक पिशवी.

२४ जानेवारी

दवाखान्यात पिशव्या भरायची खोली मागच्या अंगाला आहे. काचेतून आत दिसते. चष्म्याचा माणूस आहे एक, टोपी घालून, तोच मिसळतो सगळं. तो बाहेर आला तशी मी त्याची कॉलर धरली. म्हटलं, सुध्यानं काय चारलं तुले? व्हिटॅमिन कुठी विकतो?

तो म्हणे, "कोण सुध्या? कोण तुम्ही?"

मी थोबाडीत ठेवून देली. चष्मा उडाला, वॉचमन धावला, दोन नर्सा मले धरून. मी ओरडून राहिली, माझा माणूस आंधळा करून राहिले हे लोक, शिरेतून पाणी सोडून राहिले. सारा दवाखाना जमा.

त्या माणसानं चष्मा उचलला. एक काडी वाकली होती. तसाच आत गेला अन् आज भरलेली पिशवी घेऊन आला, दिलीपचं नाव लिहिलेली. पिशवीवर नेहमी असते ते काळं कव्हर खाली सरकवलं.

पिवळी. दुधावर छान पिवळी झाक. पहिल्यासारखी.

मी पाहतच राहिली. तो म्हणे, "ताई, इथून रोज अशीच जाते." गालावर माझी बोटं उमटली होती त्याच्या. मी माफी मागितली का? नाही मागितली. 

पिशवी स्वतः घेऊन आली, मांडीवर धरून. ऑटोत तीनदा कव्हर वर करून पाह्यलं. पिवळीच होती. फ्रिजमधे ठेवली तेव्हाही पिवळी, उद्या लागायची आहे ती. म्हणजे जे होते ते माझ्या घरात होते. सिस्टर? काय माहीत, तिले कोण कुठून पैसे देते. उद्या दुकानावर जाते म्हणून निघीन अन् दुपारी परत येईन. पाहते न कोण आहे ते.

२५ जानेवारी

काय लिहू.

दुपारी आली. चप्पल हातात घेऊन जिना चढली. दिलीप खोलीत झोपलेला. फ्रिज उघडला, पिशवी नाही. आई नाही. वर गच्चीचं दार उघडं.

गच्चीवर आई बसल्या होत्या उन्हात, डोक्यावर पदर, हातात काडी. समोर धुतलेलं धोतर अंथरलेलं अन् त्यावर पिशवी, उघडीनागडी. कव्हर बाजूले तारेवर वाळत घातलेलं. कावळा जवळ येई की आई काडी आपटत, "हड, हड, मेल्या, माह्या लेकराचं आहे ते."

पिशवी पांढरी होऊन राहिली होती. माझ्या डोळ्यादेखत.

मी ओरडली. काय ओरडली ते आठवत नाही. आई घाबरल्या, पिशवीवर आडव्या झाल्या, त्यायले वाटलं कावळा आला.

मंग म्हणाल्या, "अवं, थंडगार कसं सोडू त्याच्या आंगात? कुडकुडते न तो. लहान व्हता तं उन्हात घंगाय भरून ठेवो मी, उन्हानं तापल्या पाण्यानंच आंघोय घातली त्याले. विस्तवावरचं पाणी बाधते, उन्हातलं नाई बाधत."

अन् कव्हर?

"कव्हरातून ऊन कसं लागन? काढून ठेवतो. सिस्टरले आवडत नाई, म्हणून ते यायच्या आंधी घालून देतो. धुवून, स्वच्छ."

कधीपासून? "थंडी पडली तवापासून."

थंडीपासून. रोज. सगळी दुपार. ही म्हातारी उन्हात बसून राहिली पोराचं जेवण राखत, अन् त्याचे डोळे वाळवून राहिली. आता मी कोणाले मारू? कोणाची कॉलर धरू? त्या चष्मेवाल्याचा गाल आठवला. मी तिथंच बसली गच्चीवर अन् डोकं पाण्याच्या टाकीवर आपटलं. दोनदा. आईनं मागून धरलं म्हणून थांबली.

त्यायले समजावून सांगतलं, ऊन लागलं की व्हिटॅमिन मरते. त्यायनं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "ऊन? उनानं कसं मरन व? उनानं तं सारं पिकते."

३० जानेवारी

रिपोर्ट आला. अ जवळजवळ नाहीच. बी-टू खाली. मॅडमनं मले खुर्चीवर बसवलं, पाणी देलं. उन्हात ही दोन आधी जातात, म्हणून तर काळं कव्हर. सांगायला पाहिजे होतं नीट, म्हणाल्या, नुसतं "कव्हर काढू नका" सांगून भागत नाही. चांगली आहे बाई. इंजेक्शन देलं, बाकीचं पिशवीतून जाईन. "बुबुळाला इजा नाही. वेळेत आलात. दिसेल परत."

हे पोटाच्या जखमेनंतरचं आहे, आधीचं नाही, असं लिहून मागितलं. देते म्हणाल्या. पण एक बोलल्या, "आधी कधी तपासलंच नव्हतं, तेव्हा त्या दिवशी त्यांना किती दिसत होतं हे मी शपथेवर कसं सांगू?"

तिथंच भांडली असती. नाही भांडली.

पिशवी आता कपाटात ठेवते फ्रिजमधून काढून. कपाटाले कुलूप, किल्ली माझ्या गळ्यात. दिलीप कुडकुडते. आई त्याचे तळपाय चोळत बसतात अन् माझ्याकडे पाहत नाहीत.

४ फेब्रुवारी

सरकारी वकिलाचा फोन. सुध्याच्या वकिलानं अर्ज टाकला. साक्षीदाराले रातांधळेपणा आहे, आधीपासून होता, त्यानं त्या सांजेले कोणाले पाह्यलंच नसंन, डोळे तपासा. वकील म्हणे, "त्यांना कोणी सांगितलं हे?"

शाम नाही. मॅडम नाही. मी फोन ठेवला तं आई मोरीपाशी उभ्या, तोंड पांढरं. मी विचारायच्या आधीच बोलल्या. मोठ्याबाईचा फोन आल्ता. मोठ्याबाई म्हणजे सुध्याची माय, यांची थोरली जाऊ. ज्या दिवशी सुध्या जमानतीवर सुटला त्या दिवसापासून दोघी फोनवर बोलतात, मले माहीतच नाही! "तिनं विचारलं दिल्या कसा हाय. रडे व ते. मंग म्या सांगतलं, संध्याकायचं दिसत नाई म्हून. जाऊ आहे ते माही, चाळीस वर्सं एका चुलीवर..."

पुढचं मी ऐकलं नाही. डोक्यात रक्त चढलं. कोपऱ्यात शामच्या दुकानाचा कोयता होता, केळीचे खांब तोडायचा. तो उचलला. म्हटलं आजच निकाल लावते, मायलेकाचा दोघायचाबी. अमरावतीची गाडी होती अजून. अंधारून आलं होतं, दिवा कोणी लावला नव्हता.

आई दारात आडव्या झाल्या. दोन्ही हात चौकटीले. "नको जाऊ व पोरी. नको न व."

मी म्हटलं, "सरक!"

अन् ढकललं. पुऱ्या ताकतीनं. हलक्याफुल आहेत त्या, उंबऱ्यावरून उडून जिन्याच्या पहिल्या पायरीवर पडल्या. हाड मोडल्याचा आवाज येतो, खरंच येतो. बांगडी मनगटात घुसली. पायरीवर रक्त.

आतल्या खोलीतून दिलीप, "कोण? कोण आहे तिथं? काय झालं?" चाचपडत आला दारापर्यंत, भिंत धरून. त्याचा आवाज असा कधी ऐकला नव्हता, बारीक, लहान लेकरासारखा. त्याले काही दिसत नव्हतं. माझ्या हातात कोयता होता अन् तो माझ्याकडे पाहून राहिला होता अन् त्याले दिसत नव्हतं.

आई खालून बोलल्या, "मीच पडली रे दिल्या. पाय घसरला. दिवा लाव व रेखा, दिवा लाव."

५ फेब्रुवारी

मनगट दोन ठिकाणी. प्लास्टर. दवाखान्यात विचारलं कशानं, तं आई म्हणाल्या जिन्यावरून. मले बोलूच देलं नाही.

आज सुधाकरबद्दल काही लिहीत नाही.

९ फेब्रुवारी

आईले जेवू घालते, वेणी घालून देते. केस पांढरे, विरळ झाले. मी म्हटलं, आई, मी... त्या म्हणाल्या, "भांग सरळ पाड." बस.

दिलीप बोलत नाही माझ्याशी. चिडल्यासारखा नाही. विचारात असल्यासारखा. कोयता शामकडे देऊन टाकला.

१६ फेब्रुवारी

दिसायले लागलं!

सूर्य बुडाल्यावर दिलीप गच्चीवर उभा होता. मी कपडे काढायले गेली. तो म्हणे, "तुया साडीले गाठ पडली पदराले." मी पाह्यलं, खरंच होती गाठ. मी रडली, हसली, त्याले घट्ट धरणार तं नळी मधात. आईले हाक मारली. आई आल्या, प्लास्टरचा हात गळ्यात अडकवून. दिलीपनं त्यायच्या हाताकडे पाह्यलं, मंग माझ्याकडे. लय वेळ पाह्यलं.

तोंडाचे कोपरे भरले. काल डाळीचं पाणी चमचाभर घेतलं, झोंबलं नाही म्हणे.

२२ फेब्रुवारी

आज बोलला. दुपारी आई झोपल्या होत्या. शब्द न् शब्द लिहून ठेवते.

म्हणे, "मले त्या दिवशी तोंड दिसलं नव्हतं."

कोणाचं?

"मारणाऱ्याचं. लाईन आली नव्हती, अंधारलं होतं. मी मोटरखोलीच्या दारात उभा, बटनावर हात. बाजूनं कोणी तरी म्हणलं, सरक. मी वळलो तं पोटात गेला कोयता."

मंग सुध्याचं नाव कसं घेतलं?

"आवाज. लहानपणापासून संगं वाढलो, त्याचा आवाज नाही ओळखणार? पोलिसायनं विचारलं कोण, मी नाव सांगतलं. त्यायनं 'पाह्यलं' लिवलं. मी शुद्धीत होतो कुठी."

मी म्हटलं, मंग झालं तं. पाह्यलं काय अन् ऐकलं काय. सुध्याच होता. दुसरा कोण असंन?

तो म्हणे, "आईचा हात मोडला त्या संध्याकाळी तू आईले सरक म्हणली. मी खाटेवर बसून होतो."

मी आईच्या खाटेकडे पाह्यलं, झोपल्याच होत्या.

"रेखा, मले वाटलं सुध्या घरात घुसला. आईची शपथ. तोच आवाज. मी म्हटलं आला, आता पुरं मारून टाकते. तुया आवाज आहे हे मले दिवा लागल्यावरच समजलं." मंग हळू बोलला, "बारा वर्सं झाली तुया आवाज ऐकून राहिलो. तुयाच ओळखता नाही आला."

मी उठून मोरीत गेली. नळ सोडला अन् उभी राहिली.

२३ फेब्रुवारी

सुध्याच आहे. धुरा त्याचा, राग त्याचा, झाडं त्यानंच मारली. गावात कोणालेबी विचारा. मी आज दिवसभर मनात म्हणून राहिली, सुध्याच आहे, सुध्याच आहे. हार गुंफता गुंफता दोनदा सुई बोटात गेली.

मी मारलं असतं तं जिता ठेवला नसता. सुध्या शेतात हे म्हणला तेव्हा मले ते माजोरीपण वाटलं. नालायक माणूस कधी कधी खरंही बोलत असंन का? दगड त्याच्या कानावर बसला होता. टाके पडले म्हणे.

२७ फेब्रुवारी

सरकारी वकिलानं तालीम घेतली साक्षीची. "पाहिलं, एवढंच म्हणायचं. डोळ्यांचं मी बघतो, डॉक्टरांचा कागद आहे." दिलीपनं पाणी मागितलं.

घरी आल्यावर मी विचारलं, काय सांगणार? "अजून ठरलं नाही." मी म्हटलं, तुमचं आतडं गेलं हो, माझा संसार गेला. तो माणूस मोकळा फिरन, उद्या परत येईन कोयता घेऊन. तो म्हणे, "अन् तो नसंन तं? ज्यानं मारलं तो मंग आजच मोकळा फिरून राहिला."

आई ताटातली डाळ निवडत होत्या एका हातानं. मान वर केली नाही त्यायनं.

ओरडावंसं वाटलं. ओरडली नाही. आता मले माझ्या आवाजाची भीती वाटते.

५ मार्च, अमरावती

कोर्टाच्या बाकावर बसून लिहिते. मीही साक्षीदार, म्हणून मले आत बसू देत नाहीत, माझा नंबर दिलीपनंतर. सकाळी सिस्टरनं नळी बंद करून नीट चिकटवून देली, वरून नवा शर्ट. पिशवी शामच्या हाती बर्फाच्या डब्यात आणली आहे, परत जायले उशीर झाला तं इथंच लावू. काळं कव्हर दोन वेळा तपासलं.

बाकाच्या त्या टोकाले मोठ्याबाई. मी आली तशी उठून उभ्या राहिल्या, मी मारते का काय म्हणून. मी काही केलं नाही. आई गेल्या अन् त्यायच्याजवळ बसल्या.  मोठ्याबाईनं आईचा प्लास्टरचा हात आपल्या मांडीवर घेतला आहे.

सुधाकर आत गेला तेव्हा माझ्यासमोरून गेला. कानामागं व्रण. मी त्याच्या तोंडाकडे पाह्यलं, नीट, बिनारागानं पाहायचा प्रयत्न केला. काही समजलं नाही. माणसाचं तोंड, बस.

शिपायानं दिलीपचं नाव पुकारलं. मी हात पुढं केला, त्यानं धरला नाही. म्हणे, "दिसते मले." अन् गेला सरळ, चौकटीले न लागता. दार लोटून घेतलं.

आतून आवाज येऊन राहिले. वकील विचारते, कोणी उत्तर देते, परत विचारते. शब्द समजत नाहीत, नुसता आवाज. कोणता दिलीपचा, कोणता सुध्याचा, मी कान लावून बसली आहे, अन् मले ओळखू येऊन नाही राहिला.